गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं, आणि कसं

जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकामागून एक दवाखान्यात दाखल होऊ लागले. हातापायांतलं बळ जात होतं, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारा जिवाणू सापडला आणि सगळ्यांचं लक्ष नळाकडे वळलं. त्याच परिसरातल्या नांदेड गावातल्या विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता नुसतं क्लोरीन मिसळून आसपासच्या घरांत पोहोचतं, ही गोष्ट तेव्हा शहरभर चर्चेला आली.

त्या पाण्याबद्दल तिथल्या रहिवाशाने विचारायचं कुणाला? नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं २०२१मध्ये पुणे महापालिकेत आली, तेव्हा ग्रामपंचायती संपल्या आणि सरपंच उरला नाही. महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपून प्रशासक आला, म्हणून नगरसेवकही नव्हता. आमदार खडकवासला मतदारसंघाचे, तर खासदार बारामतीच्या. धरण जलसंपदा खात्याचं, नळ महापालिकेचा. पत्ता पुण्याचा असूनही आपला खासदार बारामतीचा आहे, हे कित्येकांना मतदानाच्या दिवसापलीकडे आठवतही नाही.

महाराष्ट्रात पाणी, हवा, कचरा, आवाज यांमुळे तब्येतीवर बेतणाऱ्या प्रश्नांची गाडी बहुधा इथेच अडते. म्हणून वाट शोधण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घेऊ. लोकप्रतिनिधी स्वतः पाणी तपासत नाही, कारखान्याला टाळं लावत नाही, कचराही उचलत नाही. ही कामं अधिकाऱ्यांची. लोकप्रतिनिधीकडे खरं बळ असतं ते प्रश्न विचारण्याचं आणि त्याचं उत्तर कागदावर घेण्याचं. त्याच्यापुढे नुसतं गाऱ्हाणं मांडलं तर सहानुभूती मिळते. विचारता येईल असा नेमका प्रश्न ठेवला, तर तो विचारला जाण्याची शक्यता वाढते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाच्या तयारीसाठी आहेत.

(गॅसगळती, आग, एकाच वेळी अनेकांना उलट्या किंवा गुदमरणं, असं काही घडलं तर पत्र नंतर. आधी ११२, अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८.)

आधी वही

‘आमच्याकडे फार प्रदूषण आहे’ या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. कधी, कुठे, किती वेळ आणि किती घरांना, हे सांगितलं की करता येतं. दोन-तीन आठवडे एक साधी वही ठेवा.

पाण्याचं उदाहरण घेऊ. बहुतेक गावांत नि शहरांत पाणी ठरावीक वेळी सुटतं. ते बंद असतं तेव्हा जलवाहिनीतला दाब जातो आणि शेजारून जाणाऱ्या ड्रेनेजचं किंवा गटाराचं पाणी गळक्या सांध्यातून आत शिरतं. पुन्हा पाणी सुटलं की पहिली काही मिनिटं तेच नळाला येतं. म्हणून ‘पाणी घाण येतं’ एवढं न लिहिता ‘साडेसहाला सुटतं, पहिली दहा मिनिटं काळपट आणि वासाचं, नंतर साफ’ असं लिहा. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला एवढ्यावरून कळतं की दोष टाकीत नाही, वाटेत कुठेतरी आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच गढूळ येत असेल, तर संशय वरच्या बाजूला, टाकी किंवा शुद्धीकरणाकडे जातो. कोणत्या घरापासून पुढे वास येतो आणि कोणत्या घरापर्यंत येत नाही, हेही लिहा. गळतीची जागा त्या दोन घरांच्या मध्ये शोधायची असते.

धूर किंवा रसायनाच्या वासाच्या बाबतीत वेळ, वाऱ्याची दिशा, वास कशासारखा होता आणि डोळे चुरचुरले की खोकला आला, या नोंदी हव्यात. जवळ हवेच्या तपासणीचं केंद्र असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर त्या तासाचा निर्देशांक पाहून तोही लिहावा. निर्देशांक १०० पर्यंत असेल तर हवा समाधानकारक, २०० च्या वर गेला तर वाईट, ३०० च्या वर अतिवाईट. आवाजाची मर्यादा निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. फोनवरचं ॲप अचूक नसतं, पण आकडा ७५ च्या पुढे जात असेल तर अधिकाऱ्याला यंत्र घेऊन बोलावण्याइतकं कारण नक्की मिळतं.

आजारपणाची नोंद करताना घरं मोजा, माणसांची नावं लिहू नका. ‘४० घरांपैकी ११ घरांत या महिन्यात जुलाब’ एवढं पुरेसं आहे. कुणाच्या मुलाला कावीळ झाली हे दहा कार्यालयांतून फिरणाऱ्या कागदावर यायला नको. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलं तर आसपासच्या वाडीवस्तीतही तेच चाललंय का, ते समजतं.

तपासणीच्या सोयी आपल्याला वाटतात त्याहून जवळ असतात. गावात पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडली की नाही हे ओटी चाचणीने मिनिटभरात कळतं: थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असं पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू तर मुळीच सापडता कामा नये. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला कसलीच पूर्वतयारी लागत नाही. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना पाणी तपासणी संचाचं प्रशिक्षण दिलं जातं. त्या कोण आणि शेवटची तपासणी कधी केली, हेही विचारा.

कारखान्याच्या सांडपाण्याच्या बाबतीत मात्र एक अडचण लक्षात ठेवायला हवी. आपण बाटलीत भरून आणलेला नमुना प्रश्न उभा करायला उपयोगी पडतो, पण कोर्टात टिकत नाही. १९७४च्या जल प्रदूषण कायद्यानुसार नमुना राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या पद्धतीने, कारखान्याच्या माणसाला सूचना देऊन घ्यावा लागतो. म्हणून मागणी अशी करायची: ‘रात्री ११ ते २ या वेळेत सांडपाणी सोडलं जातं. त्या वेळी येऊन नमुना घ्यावा आणि संयुक्त पाहणी करावी.’ वहीतल्या वेळा इथे कामी येतात. दुपारी बारा वाजता आलेल्या पथकाला नाला स्वच्छच दिसणार.

कुणाच्या हातात काय

गावातलं पाणी, गटार, कचरा यांची पहिली जबाबदारी ग्रामपंचायतीची. तिथे सदस्य, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) ही माणसं गाठायची. त्यांच्या वर पंचायत समिती आणि जिल्हा परिषद. अनेक गावांची मिळून असलेली पाणीयोजना असेल तर प्रश्न बहुधा जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाचा किंवा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचा असतो. शहरात नगरसेवक आणि वॉर्ड ऑफिस. मुंबईत प्रभागाला एकच नगरसेवक असतो, इतर बहुतेक महापालिकांत एका प्रभागातून चार जण निवडून येतात. त्या चौघांनाही पत्र द्या. ‘ते काम दुसऱ्याचं’ असं म्हणायची मग सोय राहत नाही.

हवा आणि सांडपाण्याच्या बाबतीत कारखान्यांवर नजर ठेवण्याचं काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. मंडळ राज्य शासनाखाली येतं, म्हणून इथे आमदार. एमआयडीसीत हा गुंता वाढतो. रस्ते नि पाणी महामंडळाचं, प्रदूषण मंडळाचं, कामगारांची सुरक्षितता औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची आणि शेजारची वस्ती महापालिकेची. डोंबिवलीत २०१४मध्ये हिरवा पाऊस पडला, २०२०मध्ये रस्ता गुलाबी झाला. अशा प्रसंगी चार कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. त्या चौघांना एका टेबलाशी बसवणं आमदाराला जमतं, आपल्याला जमत नाही. म्हणून एमआयडीसीच्या प्रश्नात आमदाराकडे पहिली मागणी एकच: सगळ्या विभागांची एकत्र बैठक आणि तिचं इतिवृत्त.

रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, मोठं बंदर किंवा लष्करी छावणीच्या हद्दीतला प्रश्न केंद्राचा, म्हणजे खासदाराचा. देहूरोड, खडकी, देवळालीसारख्या कॅन्टोन्मेंटमध्ये राहणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत असतं. शिवाय जिल्ह्यात केंद्राच्या योजनांचा आढावा घेणारी ‘दिशा’ समिती खासदाराच्या अध्यक्षतेखाली भरते. जल जीवन किंवा स्वच्छ भारतचं काम अर्धवट राहिलं असेल तर त्या बैठकीच्या आधी खासदाराच्या कार्यालयात कागद पोहोचवा.

चार कागद हाताशी

प्रतिनिधीला भेटण्याआधी सरकारकडचीच माहिती हातात असली तर बोलणं लवकर मुद्द्यावर येतं. त्यासाठी २००५चा माहिती अधिकार कायदा. अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि तो १५० शब्दांत, म्हणून पाण्याचा अर्ज वेगळा, कचऱ्याचा वेगळा. ‘पाणी घाण का येतं?’ असं विचारू नका, कारण कायदा कागद देतो, कारणं शोधून देत नाही. ‘अमुक भागातल्या गेल्या सहा महिन्यांतल्या पाणी तपासणी अहवालांच्या प्रती’ असं मागा. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे ३० दिवसांच्या आत करायचं.

कारखान्याचा प्रश्न असेल तर मंडळाने त्याला दिलेलं संमतीपत्र मिळवा. किती सांडपाणी सोडायचं, कुठे सोडायचं, चिमणी किती उंच, धुरात काय किती चालेल, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. जल कायद्याच्या कलम २५ खाली मंडळाला संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावी लागते आणि त्या सांडपाण्याची झळ पोहोचणाऱ्या माणसाला ती पाहण्याचा हक्क आहे.

या कागदाचा एक सामाजिक उपयोगही आहे. ‘कारखाना बंद करा’ म्हटलं की गाव दुभंगतं, कारण निम्म्या घरांतलं कुणीतरी तिथे कामाला असतं. ‘संमतीपत्रातली सातवी अट पाळा’ या मागणीला तिथे काम करणारा माणूसही सही करू शकतो. लोकप्रतिनिधीलाही रोजगाराच्या विरोधात उभं राहिल्यासारखं दिसायचं नसतं. अट पाळायला सांगणं त्याला सोपं जातं.

मुंबईच्या धुळीचं उदाहरण पाहा. ऑक्टोबर २०२३मध्ये महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. ७० मीटरहून उंच इमारतीभोवती किमान ३५ फूट उंचीचे पत्रे हवेत, अशी तीत अट आहे. ‘शेजारच्या टॉवरच्या धुळीने दमा वाढला’ हे वाक्य वादाचं होऊ शकतं. पत्रा १५ फुटांचाच आहे, हे फोटोत दिसतं आणि त्यावर वाद होत नाही.

पत्र: एक पान, तीन प्रश्न

लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात येणाऱ्या कागदांत लग्नपत्रिका असतात, बदलीचे अर्ज असतात, कॉलेज प्रवेशासाठीच्या चिठ्ठ्या असतात. स्वीय सहायक प्रत्येक कागदाला काही क्षणच देऊ शकतो. तेवढ्यात त्याला विषय कळला पाहिजे आणि पुढे कुठे पाठवायचं तेही. नमुना असा असू शकतो:

विषय: प्रभाग क्र. …, … गल्ली येथे नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळत असल्याबाबत.

महोदय, आमच्या गल्लीत ६२ घरे आहेत. ३ ते २४ जून या काळात १४ दिवस सकाळी साडेसहाला पाणी सुटल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे ते काळपट व दुर्गंधीयुक्त आले. याच काळात १७ घरांत जुलाब-उलट्यांचे रुग्ण होते. ११ जूनला प्रभाग कार्यालयात तक्रार केली (क्र. …). १३ जूनला कर्मचारी पाहून गेले. दुरुस्ती झालेली नाही.

आपण पाणीपुरवठा विभागाकडून पुढील माहिती लेखी घ्यावी, ही विनंती:
१. या गल्लीतील पाण्याचा नमुना शेवटचा कधी घेतला व त्याचा अहवाल काय?
२. जलवाहिनी आणि ड्रेनेज जिथे एकमेकांना ओलांडतात, त्या जागी गळती शोधण्याचे काम कोणत्या तारखेला होईल?
३. दुरुस्ती होईपर्यंत टँकर कधीपासून येईल?

संयुक्त पाहणीसाठी सकाळी साडेसहाला आम्ही हजर राहू.
सोबत: नोंदवहीच्या प्रती, तारखेसह फोटो, ४८ रहिवाशांच्या सह्या.

या पत्रात संताप नाही, आरोप नाही, निवडणुकीचा इशारा नाही. तिन्ही प्रश्न असे आहेत की उत्तर द्यायला तारीख किंवा कागद लागतो. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं शेवटचं वाक्य टाकलं असतं, तर ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असंच उत्तर आलं असतं. प्रत वॉर्ड ऑफिसला आणि महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि ‘प्रत माहितीसाठी’ असं पत्राच्या तळाशी लिहा. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच परत फिरा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप बोलणं सुरू करायला ठीक, पण त्याला आवक क्रमांक नसतो.

गावात या पत्राच्या जोडीला ग्रामसभेचा ठराव हवा. कायद्याने आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्यांच्या आधी महिलांची वेगळी सभा. पाणी भरणाऱ्या, धुराजवळ बसणाऱ्या बायकांचा अनुभव त्या सभेत मोकळेपणाने येतो. तिथे मंजूर झालेला ठराव मुख्य सभेत मांडणं सोपं जातं. विषय आधी ग्रामसभेच्या सचिवाकडे, म्हणजे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, लेखी द्या, ‘ऐनवेळच्या विषयांत’ घेऊ असं ऐकून गप्प बसू नका. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत आमदाराच्या पत्राला जोडली की ते एका वस्तीचं पत्र राहत नाही, गावाचं होतं.

भेट

अधिवेशनाच्या काळात आमदार मुंबईत असतात, हिवाळी अधिवेशनात नागपुरात. मतदारसंघात बहुधा शनिवार-रविवारी भेटतात. स्वीय सहायकाला फोन करून वेळ घ्या आणि त्यालाही सगळं नीट समजावून सांगा, कारण पुढचे दोन महिने फोन तोच उचलणार आहे. जाताना चार-पाच जण पुरेत. त्यांत एखादी ताई असावी जिच्या घरात आजारपण झालंय आणि एखादा माणूस ज्याला जलवाहिनीचा नकाशा माहीत आहे. बोलायचं एकाने, पाच मिनिटं, आणि शेवटी थेट विचारायचं: ‘साहेब, या तीन प्रश्नांसाठी तुम्ही आयुक्तांना पत्र द्याल का? त्याची प्रत आम्हाला मिळेल का?’

अशा भेटीत एक सोपं उत्तर हमखास पुढे येतं: ‘मी माझ्या निधीतून आरओ प्लांट बसवून देतो.’ आमदाराला आणि खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच-पाच कोटी रुपये मिळतात. त्यातून उभी राहणारी वस्तू दिसते, तिच्यावर नाव लागतं. पण हा पैसा टिकाऊ बांधकाम-साधनांसाठी असतो, रोजच्या देखभालीसाठी नसतो. फिल्टर बदलायचे कुणी, हा प्रश्न तसाच राहतो आणि गळकी जलवाहिनीही तशीच राहते. जीबीएसच्या साथीत पुणे महापालिकेला त्या भागातले काही खासगी आरओ प्रकल्प बंद करावे लागले होते, हे सांगायला हरकत नाही. प्लांट नाकारू नका, पण ‘जलवाहिनीच्या दुरुस्तीसोबत’ असं त्याच वेळी म्हणा.

पक्षाचं भान वेगळ्या तऱ्हेने ठेवावं लागतं. सत्तेतला माणूस बैठक लावू शकतो, विरोधातला माणूस सभागृहात प्रश्न लावून धरतो. दोघांनाही एकच पत्र, एकाच तारखेचं द्या आणि तसं दिलंय हे दोघांनाही सांगा. शिष्टमंडळात कुणा पक्षाचा पदाधिकारी पुढे असेल, तर तुमचा प्रश्न त्याचा होतो आणि दुसरी दारं मिटतात.

सभागृहात प्रश्न जातो तेव्हा

महापालिकेत नगरसेवक प्रभाग समितीत आणि सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारू शकतो. आमदाराकडे साधनं जास्त आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. तातडीच्या बाबीसाठी लक्षवेधी सूचना. विधिमंडळाची अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अशी तीन अधिवेशनं होतात आणि तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्यावे लागतात. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनासाठी कागद डिसेंबरमध्ये नेला तर उशीर झालेला असतो. दिवाळीच्या सुमारास न्यायला हवा. लोकसभेतही प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी लागते.

प्रश्न दाखल झाला की खात्यात खालपर्यंत फोन जातात. कारखान्याच्या सांडपाण्याचा प्रश्न असेल तर मंत्र्याला उत्तर द्यायचंय म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याकडून माहिती मागवली जाते आणि तो क्षेत्र अधिकाऱ्याला पाहणीला पाठवतो. पुष्कळदा सभागृहात प्रश्न पुकारला जाण्याआधीच नाल्यावर पथक आलेलं असतं. प्रश्न विचारण्याचं बळ ते हेच. मंत्र्याने सभागृहात ‘तीन महिन्यांत करू’ असं सांगितलं तर ते आश्वासन नोंदलं जातं आणि त्याचा पाठपुरावा विधिमंडळाची आश्वासन समिती करते. ती तारीख आणि ते वाक्य आपल्या फाईलमध्येही असू द्या.

नवा प्रकल्प यायचा असेल तर बोलायची वेळ आणखी आधीची. २००६च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी होते. तिची किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत जाहिरात येते आणि प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीतही उपलब्ध करून द्यावा लागतो. तिथे तोंडी बोलता येतं, लेखी हरकतही देता येते. आमदाराला त्या दिवशी बोलावण्यापेक्षा पंधरा दिवस आधी सारांश दाखवून, कोणत्या मुद्द्यावर तो हरकत घेईल, हे ठरवणं जास्त उपयोगाचं.

उत्तर वाचायचं कसं

महिनाभरात बहुधा काहीतरी कागद येतो. ‘आपला अर्ज पुढील उचित कार्यवाहीस्तव अमुक कार्यालयाकडे अग्रेषित करण्यात आला आहे’ हे उत्तर नव्हे, पत्ता आहे. त्या कार्यालयात जाऊन नवा आवक क्रमांक घ्या. ‘पाहणी केली असता दूषित पाणी आढळून आले नाही’ असं आलं, तर पाहणीची वेळ विचारा आणि वहीतल्या वेळेशी ताडून पाहा. ‘प्रस्ताव सादर केला आहे’ असं असेल तर प्रस्तावाचा क्रमांक, रक्कम आणि तो कुणाच्या टेबलावर आहे ते विचारा. खरं उत्तर तेच, ज्यात तारीख, जबाबदार अधिकाऱ्याचं पद आणि कामाचं नाव असतं.

उत्तरच आलं नाही तर २००५चा दप्तर दिरंगाईचा कायदा आहे. त्यानुसार फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये; दुसऱ्या विभागाचा संबंध नसेल तर ४५ दिवसांत आणि असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. स्मरणपत्रात हा उल्लेख शांतपणे, एका ओळीत करा. शासनाच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. त्यासाठीचा अर्ज आधी द्यावा लागतो.

हे सगळं होऊनही काही हललं नाही तर राष्ट्रीय हरित लवाद आहे, त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. पण मुदत लक्षात ठेवा: वाद उद्भवल्यापासून साधारण सहा महिन्यांत तिथे जावं लागतं, भरपाईच्या दाव्याला पाच वर्षं. चेंबूरजवळच्या माहुलमध्ये विषारी वायूंच्या प्रकरणी लवादाने २०२०मध्ये चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची जबाबदारी टाकली. तिथवर पोहोचायला रहिवाशांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. लवादापुढेही शेवटी लागतात त्या तारखा, अहवाल आणि दिलेली पत्रंच. म्हणजे आमदारासाठी बांधलेली फाईल वाया जात नाही.

काम झालं तरी एक पत्र आणखी लिहायचं असतं. प्रतिनिधीचे आभार माना, झालेल्या कामाचा पूर्णत्वाचा दाखला मागा आणि दर महिन्याचा पाणी तपासणी अहवाल वॉर्ड ऑफिसच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, अशी विनंती करा. आभाराचं पत्र फार थोडे लोक पाठवतात, म्हणून ते कार्यालयाच्या लक्षात राहतं. आणि पुढच्या पावसाळ्यात साडेसहाला पुन्हा तोच वास आला, तर पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागत नाही. प्रश्न एका ओळीचा होतो: मागच्या वर्षी जे काम पूर्ण झाल्याचं लिहून दिलंत, त्याचं काय झालं?